काठी कुणाची, गाठ कुणाची

वरळी, २ डिसेंबर १९५८

जगदीश मयेकर यांस,

नमस्कार लिहीत नाही, कारण करायचा नाही. पाच वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही आणि आजही लिहिलं नसतं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. यातला हरी मी. उरलेलं तू समजून घे.

कामाचं सांगतो. ऑक्टोबरात आमच्या गिरणीतलं जुनं साचेखातं बंद झालं. नवे साचे आलेत, एकटा माणूस सोळा-सोळा साचे बघतो. बावीस वर्षं कापड विणून मी घरी बसलोय. बायको-पोरं गावालाच आहेत. मीही मालवणच्या बोटीत बसावं, एवढंच आता उरलंय.

एक वाट आहे. आमचा जुना विणाई मास्तर ग्रँटसाहेब रिटायर होऊन इथेच वरळीला राहतो. त्याने आणि त्याच्या मित्रांनी मासे धरायचा क्लब काढलाय. खायला नव्हे, हौसेला. त्यांना इथले खडक आणि भरती-ओहोटी ठाऊक असलेला माणूस पगारावर हवाय. ते मला तोंडपाठ आहे, दर रविवारी मी तिथे दोरी घेऊन बसायचो. पण साहेबाची अट अशी की कोळंबी-बिळंबी लावायची नाही. पिसं बांधलेला गळ, ज्याला ते फ्लाय म्हणतात, तो लांब काठीने फेकून एक बरा मासा त्याच्या डोळ्यांदेखत काढायचा. सामान ज्याचं त्याने आणायचं. परीक्षा १ मार्चला, रविवारी. जमलं तर नोकरी, नाहीतर बोट.

तू फोर्टातल्या दुकानात ह्याच सामानाच्या काउंटरला असतोस असं कळतं. नवशिक्याने खाऱ्या पाण्यासाठी काय घ्यावं ते सांग. पुढच्या आठवड्यात शनिवारी दुकानावर येतो.

शांताला अक्षरओळख नाही ते एका परीने बरंच आहे. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. कुशाबाला बहीण देईन हा मी दिलेला शब्द मोडून जिने तुझ्याशी रजिस्टर लग्न केलं, तिच्याशी मला काही बोलायचं नाही.

राजाराम परब


गिरगाव, ७ डिसेंबर १९५८

श्री. राजारामभाऊ यांस,

गाढवाचे पाय धरणाऱ्याने लाथेचा अंदाज घेऊन धरावेत.

दुकानावर येऊ नका. तिथे उभं राहून घरच्या भांडणाचं बोलायला सवड नसते. काय विचारायचं ते पत्राने विचारा. तुमच्या सूचनेप्रमाणे तुमचं पत्र शांताला वाचून दाखवलेलं नाही.

आता ऐका. नवशिका दुकानात शिरला की पहिल्यांदा रिळाला हात घालतो, कारण ते चकचकीत असतं. तसं करू नका. आधी फेकायची दोरी कुठली ते ठरवायचं. पिसाच्या गळाला वजन नसतं, तो काठीच्या जोरावर जात नाही. जड असते ती दोरी, आणि दोरीच गळाला ओढून नेते. म्हणून दोरीच्या वजनाला काठी जुळली पाहिजे. काठीवर अक्षर कोरलेलं असतं, दोरीच्या डब्यावरही असतं. दोन्ही एक असतील तरच घ्या.

काठी नऊ फुटांची आणि अंगात जोर असलेली हवी. काश्मीरच्या नदीवर जी नाजूक काठी चालते, तिचं वरळीच्या वाऱ्यापुढे काही चालणार नाही. रीळ मोठं, ज्यात फेकायच्या दोरीमागे आणखी शंभर वार साधी दोरी मावेल असं. रावस पळायला लागला की तो तुमची परवानगी घेत नाही. गळ कल्हई केलेले घ्या, साधे चार दिवसांत गंजतात.

एवढं मिळतंय का बघा आणि कळवा. पैसे देण्याआधी कळवा. तुम्ही कुणाचं ऐकत नाही हे मला या घरात येता-जाता ऐकायला मिळालंय.

जगदीश


वरळी, १४ डिसेंबर १९५८

जगदीश यास,

कारकून असून अक्षर बालवर्गातलं! एकेक अक्षर वाटाण्याएवढं. साहेब पगार कशाचा देतो?

तुझ्या सल्ल्याची वाट बघत बसलो नाही. शुक्रवारी चोरबाजारात जाऊन सामान घेऊन आलो. काठी अशी की बोटावर तोलावी, सात फुटांची, हलकीफुलकी. रीळ पितळी, फिरवलं की गोड वाजतं. त्याच्याकडे दोरी एकच होती, ती घेतली. पिसांचे गळ बारा रंगांचे बारा मिळाले, लाल, हिरवे, मोरपंखी. चाळीतली माणसं बघायला आली होती.

अक्षरं जुळवायला मी काही पंचांग बघून लग्न लावत नाहीये. साच्यापुढे बावीस वर्षं काढली आहेत, दोरा काय असतो ते तू मला शिकवू नकोस. छप्पन्न साली आम्ही संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर लाठ्या खात होतो, तेव्हा तू फोर्टात साहेबांना गळ विकत होतास. तुझी अक्कल त्यांनाच ऐकव.

फक्त एक सांग. काल मैदानात फेकून बघितलं तर दोरी पायाशीच पडते. वारा होता म्हणून असेल.

राजाराम


गिरगाव, १८ डिसेंबर १९५८

श्री. राजारामभाऊ यांस,

नाचता येईना अंगण वाकडं, तसा तुमचा वारा. वाऱ्याने काही केलेलं नाही. तुम्ही खेळण्यातली काठी आणून तिला बैलगाडीचा दोर बांधलाय, किंवा उलटं. ते पितळी रीळ पोरांना वाजवायला द्या आणि बारा रंगांतले अकरा फेकून द्या. माशाला होळी खेळायची नसते. पांढरं पीस पुरतं, खाली थोडे बकऱ्याचे केस. पाण्यात ते लहान मासळीसारखं हलतं.

आमच्या वाडीतला दौलत बसवर कंडक्टर आहे. त्याची बस तुमच्याकडे येते. तो शनिवारी सकाळी एक लांब पिशवी आणून देईल, नाक्यावर उभे राहा. आत नऊ फुटी काठी आहे, बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या जोडून केलेली, तीन तुकड्यांची. तिच्या वजनाची रेशमी दोरी, मोठं रीळ, पुढे लावायला नायलॉनचा धागा, आणि सहा पांढरे गळ. काठी वापरातली आहे पण जपलेली आहे. तिला आपटलंत तर गाठ माझ्याशी आहे.

तीन गोष्टी पाळा. एक, पहिला महिनाभर मैदानातच फेकायचं, टोकाला गळाऐवजी सुताचा गोंडा बांधून. तुमच्या चाळीत पोरं फार आहेत, कुणाच्या डोळ्यात गळ जायला नको. दुसरं, काठी मागे नेली की थांबायचं. साच्यावर धोटा पलीकडच्या पेटीत पोचल्याशिवाय तुम्ही परत मारता का? तसंच हे. दोरी मागे सरळ पसरेपर्यंत दम धरा, मग पुढे. तिसरं, समुद्रावरून आल्यावर रीळ आणि दोरी गोड्या पाण्याने धुवायची, रोज, कंटाळा न करता. खारं पाणी आत बसलं तर आठवड्यात रीळ धरून बसेल.

अक्षराचं म्हणाल तर उशिरा शिकलेल्याचं अक्षर असंच असतं. आणि छप्पन्न साली कोण कुठे होतं आणि आज कोण कुठे आहे, ते बोलायची वेळ येईल तेव्हा बोलू.

जगदीश


वरळी, १९ जानेवारी १९५९

जगदीश यास,

तुझ्या गोड्या पाण्याने माझी चाळीत शोभा झाली. नळ सकाळी पाचला येतो आणि सहाला जातो. हंड्यांच्या रांगेत मी रीळ घेऊन उभा. राधाबाई ओरडली, "माणसांका प्यायाक पाणी नाय, आणि ह्यो मेलो चाकाक आंघोळ घालता!" त्यानंतर रोज माझ्या वाट्याच्या पाण्यातला एक तांब्या मी त्या चाकाला देतो आणि तेवढा कमी पितो.

मैदानात तीन आठवडे सुताचा गोंडा फेकला. पहिले दहा दिवस पोरं हसली. आता दोरी साठ फूट जाते आणि कुणी हसत नाही. ते धोट्याचं खरं निघालं. तुला धोट्याचं काय माहीत, हा प्रश्न मनात आला होता, पण फोर्टात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला चार शब्द ऐकून माहीत असतातच.

आता खरं गाऱ्हाणं. मागच्या रविवारी एक टोळ मासा काढला, हातभर. आणि परवा पहाटे, भरती लागताना, रावस. माझ्या हाताला कळलं की हा पाच-सहा शेराचा आहे. त्याने रिळातली निम्मी दोरी नेली. मी धीर धरला, हळूहळू आणला, खडकापासून दहा हातांवर त्याची पाठ दिसली. आणि दोरी सैल. रेशमी दोरी हातात आणि तुझा नायलॉन माशाबरोबर गेला!

कुजका माल दिलास तू मला. मुद्दाम दिलास. मी गावी गेलो की तुमची दोघांची पीडा टळेल, असा तुझा हिशेब दिसतो. परीक्षेला चाळीस दिवस उरलेत आणि माझा तुझ्या कुठल्याच वस्तूवर विश्वास उरला नाही. पाच वर्षांपूर्वी तुमच्या वाडीच्या दारात उभं राहून तुला जे बोललो, त्यातला शब्दही मागे घेत नाही.

राजाराम


गिरगाव, २३ जानेवारी १९५९

श्री. राजारामभाऊ यांस,

माल कुजका नाही. तुमची गाठ सुटली.

दोरीचं टोक नीट बघा. नायलॉन तुटला असता तर रेशमी दोरीला त्याचा तुकडा आणि गाठ उरली असती. काही उरलं नाही ना? मग तो सरकून निघाला. तुम्ही त्याला साच्यावरची गाठ मारलीत, जी तुटलेल्या धाग्याला डोळे मिटून मारता. सुताला ती गाठ लाखमोलाची. सूत खरखरीत असतं, स्वतःलाच धरून बसतं. नायलॉन तेल लावल्यासारखा गुळगुळीत, त्याला धरायला काही नाही. साहेब ही चूक करणार नाही, त्याला ती गाठच येत नाही. ती करावी गिरणीतल्या माणसानेच, आणि त्यातही ज्याला आपल्या गाठीचा गर्व आहे त्याने.

आता सांगते तशी मारा. नायलॉनचं टोक दोरीभोवती एकदा नाही, पाच फेरे घ्या. फेरे एकावर एक चढू देऊ नका. शेपूट डाव्या अंगठ्याखाली दाबून ठेवा, सोडू नका. मग थुंकी लावा आणि हळू, एका दमात ओढा. कोरडी ओढलीत तर धागा जळतो. ओढून झाल्यावर दाराच्या कडीला अडकवून अंगाचा भार टाका. सुटली तर पुन्हा मारा. दिवसाला पन्नास मारा.

तुम्ही गावी गेलात तर पीडा टळेल असं लिहिलंत. हे वाचून फार राग आला. पीडा टाळायची असती तर पहिल्याच पत्राचं उत्तर दिलं नसतं. तुम्ही कुणाला किती वर्षं दाराबाहेर ठेवलंय ते आठवा, आणि मग दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला निघा.

सोबत आणखी बारा गळ पाठवले आहेत.

जगदीश


वरळी, २ मार्च १९५९

जगदीश यास,

नोकरी लागली.

काल सकाळी साडेसहाला साहेब आणि त्याचे तिघे मित्र खडकावर खुर्च्या टाकून बसले होते. आठपर्यंत काही नाही. एकाने घड्याळ बघितलं. सव्वाआठला रावस लागला, जानेवारीत सुटलेल्यापेक्षा मोठा. पाऊण तास मी आणि तो. शेवटी साहेब स्वतः गुडघाभर पाण्यात उतरला. मासा वर आल्यावर त्याने चष्मा लावून पहिल्यांदा गाठ बघितली. म्हणाला, "परब, हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, मेव्हण्याने. तोंडातून गेलं, आता परत कसं घेणार.

गेल्या पत्रात एका ठिकाणी तू "सांगते" लिहिलंयस. तेव्हा रागात माझं लक्ष गेलं नाही, नंतर गेलं. आणि अंगठ्याखाली शेपूट दाबायची ती युक्ती सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली. शांताला ती मीच शिकवली होती, ती पहिल्यांदा कामाला आली तेव्हा. म्हणजे तू तिला शेजारी बसवून, ती सांगेल तसं उतरवून घेतोस. माझ्याच बहिणीला विचारून मलाच शहाणपण शिकवतोस, आणि वर तिला पत्रं वाचून दाखवत नाही असं खोटं लिहितोस.

आता काम झालं. सामानाची किंमत दौलतला सांग, देऊन टाकतो. यापुढे पत्र नको.

राजाराम परब


गिरगाव, १७ मार्च १९५९

श्री. राजाराम परब यांस,

मी तुम्हांला आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. हे पहिलं.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मी संयुक्त महाराष्ट्राच्या सीमेवरच्या सत्याग्रहात तुरुंगात होतो. परवा सुटून घरी आलो. खाटेवरच्या भिंतीला दोन खुंट्या आहेत, त्यांवर माझी काठी असते. परदेशी जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने ती मला दिली होती. माझ्याजवळ एवढीच एक वस्तू आहे जिला मी कुणाला हात लावू देत नाही. खुंट्या रिकाम्या होत्या. शांताला विचारलं, तर तिने बिस्किटांचा डबा पुढे ठेवला आणि स्वैपाकाला निघून गेली. डब्यात तुमची पत्रं होती. तिने आपल्या उत्तरांच्या कच्च्या प्रतीही ठेवल्यात, खाडाखोडीसकट.

मी तिच्यावर ओरडलो. माझी काठी दिल्याबद्दल नाही, माझी सही केल्याबद्दल. ती म्हणाली, "माझ्या नावाचं पाकीट त्यानं फोडलं असतं का?" तुम्हांला याचं उत्तर सुचत असेल तर तिला कळवा.

तिला लिहायला मी शिकवलं. दुकानाचे पिसांचे गळ ती घरी बांधते. डब्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिता लिहिता अक्षरं आली. मी आत असताना घर त्याच कामावर चाललं. सामानातलं तिला मला येतं त्याच्या दुप्पट येतं. तुम्ही धरलेला रावस तिने बांधलेल्या पिसावर आलाय, आणि त्या वेळी मी तुरुंगात नाचणीची भाकरी खात होतो.

तुम्ही मला बोललात त्याचं मला काही वाटत नाही, मी ते पाच वर्षांपूर्वीच ऐकलंय. पण तुम्ही बोटीत बसून गेलात तर मुंबईत तिला माहेर म्हणून उरत नाही. बंद दार का होईना, ते वरळीला आहे, एवढ्यावर ती बसून होती. त्यासाठी तिने माझी काठी दिली आणि माझं नाव वापरलं. तुमचं शेवटचं पत्र डब्यात नव्हतं, तिच्या उशाखाली होतं. "यापुढे पत्र नको" ही ओळ तिने वाचली आहे. तिला ती कुणी वाचून दाखवावी लागली नाही.

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी तुम्ही दोघंही भावंडं. मधल्यामध्ये माझी काठी गेली. ती परत पाठवा.

जगदीश मयेकर


वरळी, २२ मार्च १९५९

चि. शांता हीस,

पाकिटावर तुझं नाव लिहिलं. लिहिताना कळलं की आजवर कधी लिहिलंच नव्हतं. नवऱ्याचं आडनाव लिहायला थोडा वेळ लागला, पण लिहिलं.

आधी मला रागावू दे. तू मला फसवलंस. तीन महिने मी मयेकराला शिव्या देत होतो आणि त्या तू वाचत होतीस. उलट तूही मला सोडलं नाहीस. गाढव काय, नाचता येईना काय! थोरल्या भावाला असं लिहितात? दुसऱ्याच्या सहीआड राहून सगळं बोलून घेतलंस. काल सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. आता ती तुझ्या आवाजात ऐकू येतात, आणि तुझा आवाज पहिल्यापासून मोठाच आहे.

वाचता वाचता एका ठिकाणी अडलो. "उशिरा शिकलेल्याचं अक्षर असंच असतं." तुझ्या अक्षराला मी बालवर्गातलं म्हटलं होतं. आई गेल्यावर तुला मी मुंबईत आणलं तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. वाइंडिंगमधल्या दोघीजणी संध्याकाळच्या वर्गाला जायच्या, तू मला विचारलंस, मी म्हटलं, बॉबिन भरणाऱ्या पोरीला अक्षरं कशाला? तू विसरली असशील असं मला वाटत होतं. मी विसरलो होतो. काल आठवलं आणि मला लाज वाटली. हे मी तोंडाने सांगू शकणार नाही म्हणून लिहितोय. तुला वाचता येतं हे बरं झालं.

मयेकर तुरुंगात होता, आणि तू एकटी होतीस, आणि मी लिहिलं की तो साहेबांना गळ विकतो. त्यालाही काहीतरी लिहायला हवं. पण एका आठवड्यात माझ्याच्याने दोन माणसांपुढे नमतं घेववत नाही. एकाचं काम आज करतोय.

क्लबाने खडकाजवळ मला एक खोली दिली आहे. तिथे माझ्या एकट्याचा नळ आहे, सकाळी दोन तास पाणी. भिंतीत मी दोन खुंट्या ठोकल्या आहेत, काठी त्यांवर आहे. रीळ रोज धुतो. साहेबाने पिसं कुणी बांधली विचारलं, तेव्हा मी पुन्हा मेव्हणा म्हणालो होतो. उद्या जाऊन खरं सांगणार आहे.

काठी परत पाठवा असं तुझा नवरा लिहितो. दौलतच्या हाती ती मी पाठवणार नाही. नऊ फुटांची वस्तू, बसमध्ये कुणाच्या डोळ्यात जायची. ज्याची आहे त्याने येऊन खुंटीवरून काढून न्यावी, आणि त्याला खोली सापडणार नाही म्हणून तू बरोबर यावंस. येत्या रविवारी ओहोटी दुपारची आहे, सकाळीच या. रावस मी आणतो, पण साफ तू करायचास, मला ते अजून येत नाही.

येणार की नाही ते कळव. खाली सही तुझी कर. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा भाऊ,
राजाराम